जोखीम कुणाच्या खात्यावर?

परवा सुटीच्या दुपारी नातीबरोबर १९९६ सालचा ‘ट्विस्टर’ हा इंग्रजी चित्रपट पुन्हा पाहिला. टॉर्नेडो येतोय म्हणून शहाणी माणसं तळघर गाठत होती आणि काही जण गाड्या दामटत नेमके त्याच्याच दिशेनं निघाले होते. नात म्हणाली, ‘‘आजोबा, या लोकांना वेड लागलंय का?’’

मी ‘हो’ म्हणणारच होतो. पण माझी तेहतीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात गेली. जोखमीबद्दल घाईनं मत द्यायचं नाही, ही त्या नोकरीनं लावलेली सवय. म्हटलं, थांब, आधी फाईल बघू.

आपल्या किनाऱ्यावर येणारं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, दिवसचे दिवस चालतं. टॉर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा फिरता खांब. बहुधा काही मिनिटांचाच खेळ. अमेरिकेच्या मध्यभागातल्या सपाट मैदानांत वसंत ऋतूत ते वारंवार उठतात. डेव्हिड होडली हा गृहस्थ १९५६ पासून मोटार आणि कॅमेरा घेऊन वादळांमागे फिरू लागला. पुढे हा छंद अनेकांना लागला. त्यात नुसते हौशी नाहीत, अभ्यासकही आहेत. रडारचा किरण दूर जाताना जमिनीपासून वर उचलला जातो. त्यामुळे ढगाखाली जमिनीलगत काय चाललंय, हे डोळ्यांनी पाहून कळवणारा माणूस लागतोच.

टिम समारास हा अशा मंडळींत जपून वागणारा म्हणून ओळखला जाई. पेशानं अभियंता. जून २००३ मध्ये साउथ डाकोटातल्या मँचेस्टर या खेड्याजवळ त्यानं बसक्या शंकूसारखं एक यंत्र टॉर्नेडोच्या वाटेवर ठेवलं आणि तो बाजूला झाला. टॉर्नेडो त्यावरून गेला; हवेचा दाब १०० मिलिबारनं कोसळल्याची नोंद यंत्रानं केली.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळ मात्र टॉर्नेडोनं अचानक दिशा बदलली आणि बघता बघता त्याची रुंदी चार किलोमीटरच्या वर गेली. समारास, त्याचा २४ वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग, तिघेही गाडीसकट त्यात सापडले आणि गेले.

असं काही घडलं की आपण लगेच म्हणतो, ‘नको ते धाडस नडलं!’ तोच माणूस सुखरूप परतला असता तर आपणच त्याला शूर म्हटलं असतं. नव्वदच्या दशकात मी एका होतकरू कारखानदाराला कर्ज मंजूर केलं होतं. हिशेब चोख, तारण पुरेसं, जामीनदार सज्जन. पण तो ज्या गिरणीला माल पुरवी ती बंद पडली आणि कर्ज बुडालं. मला खुलासा द्यावा लागला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं नुसत्या ओळखीवर दिलेलं कर्ज मात्र वेळेवर फिटलं. तो ‘धडाडीचा’ ठरला. तेव्हापासून निकाल पाहून कुणाला मूर्ख किंवा शूर ठरवायचं म्हटलं की मी बिचकतो.

मग पाहायचं काय? माझ्या मते एवढंच, की जोखीम कुणाच्या खात्यावर पडते आहे. २८ मार्च २०१७ रोजी टेक्सासमधल्या स्पर गावाजवळ वादळामागे निघालेली एक गाडी ‘थांबा’ची पाटी न जुमानता चौकात शिरली आणि दुसऱ्या गाडीवर आदळली. तीन जण गेले. दुसऱ्या गाडीतला तरुणही वादळच पाहायला निघाला होता. पण चौकातली वाट त्याची होती. त्याला मारलं ते वादळानं नव्हे. एल रीनोच्या वेळीही तसंच. अकराच दिवस आधी जवळच्या मूर शहरात टॉर्नेडोनं २४ बळी घेतले होते. घाबरलेले लोक गाड्या काढून पळाले आणि रस्ते तुंबले. त्याच रस्त्यांवर पाठलाग करणाऱ्यांच्याही गाड्या होत्या. त्या टॉर्नेडोनं घेतलेले आठही बळी वाहनांतले होते.

स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. पण कर्जावर जामीनदाराची सही लागते. रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांची अशी सही कोण घेतो?

हे सारं नातीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आणि त्या मुलाचं हो, आजोबा? त्याला बाबांबरोबर स्वतःहून जावंसं वाटलं असेल?’’

चोवीस वर्षांचा मुलगा जाणता असतो, असं मी म्हणणार होतो. पण माझ्यातला बाप मध्ये आला, आणि ती फाईल मला बंद करता आली नाही.