गुडघेदुखी आणि औषधाची सूक्ष्म कोठारे

परवा दवाखान्यात खेड्यातून एक आजी आल्या. गुडघेदुखीसाठी त्या आयबुप्रोफेनची गोळी घेत. सकाळची विसरली की दुपारी दोन, त्याही उपाशीपोटी. चार दिवस शौचाला डांबरासारखे काळे होत होते. जठरात रक्तस्राव सुरू झाला होता. वेळीच आल्या म्हणून निभावले. जाताना म्हणाल्या, "डॉक्टर, एकदा घेतली की आठवडाभर पुरेल अशी गोळी नाही का हो निघाली?"

प्रश्न भाबडा नाही. आयबुप्रोफेनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून गोळी पुन्हा घ्यावी लागते. औषध हळूहळू सुटायचे, तर ते आधी कशात तरी धरून ठेवायला हवे.

असे एक कोठार म्हणजे धातू-सेंद्रिय जाळी. इमारतीला बांधलेली बांबूची परांची आठवा. तिच्या गाठी म्हणजे धातूचे अणू आणि बांबू म्हणजे कार्बनयुक्त रेणू. मधले खण रिकामे. बांबू लांब घेतला किंवा बांधणी बदलली की खणाचा आकार बदलतो. या शोधासाठी कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

फ्रान्समध्ये व्हर्साय येथील जेरार फेरे यांच्या गटाने २००६ साली अशा जाळ्यांत आयबुप्रोफेनच भरून पाहिले. सुमारे तीन नॅनोमीटरचे खण असलेल्या जाळीच्या एका ग्रॅममध्ये १.४ ग्रॅम औषध मावले. (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) २००८ साली त्यांनी एक नॅनोमीटरहूनही अरुंद बोळ असलेली जाळी वापरली. तीत औषध थोडेच मावले. पण रेणू इतका घट्ट बसला की बाहेर पडायला तीन आठवडे लागले. मोठ्या खोलीत माल जास्त, अरुंद बोळात मुक्काम जास्त. वैद्याला हवे तेवढेच माप निवडायचे, हीच यातली किमया.

पण वाचकहो, हे प्रयोग काचपात्रातले. २००६ च्या जाळ्यांत क्रोमियम होते. शरीराला सोसेल म्हणून पुढे लोखंडाच्या जाळ्या निघाल्या. शिवाय तोंडाने घेतलेली गोळी दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर जाते, मग ती आठवडाभर कशी पुरणार? आणि हे औषध रक्तातूनही जठराच्या अस्तराला इजा करते.

म्हणून आजींना मी एवढेच सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो. वेदनाशामक गोळी जेवणानंतरच घ्या. एक चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नका. शौचाला काळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.