कॅम्पर मागे, सायकली कुठे?

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला हेडफोन हाताशी नसतील, तर लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचा. बोलीतली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की आम्ही डेन्व्हरहून फ्रूटाला सायकली घेऊन जातो, आणि कॅम्परही सोबत असतो. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. पुढे पिकअप, मागे घराएवढा कॅम्पर, मग चार सायकली ठेवता कुठे?

उत्तर द्यायच्या आधी, मी हे कसं शिकलो ते सांगतो. कारण मी ते चुकीच्या टोकाकडून शिकलो.

पहिल्या वर्षी मी सगळ्यात सोपी जागा निवडली होती. कॅम्परच्या मागचा बंपर. दिसायला मस्त जागा, मोकळी, हात पोचतो. चार सायकलींचा रॅक आणला, बोल्ट आवळले, सायकली लावल्या, फोटो काढला आणि निघालो. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० धरला की तासाभराने आयझेनहॉवर बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर. तो ओलांडला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत तीव्र उतार. त्या उतारावर एक मोठा ट्रक डावीकडून आम्हाला ओलांडून गेला, आणि आमचा कॅम्पर डोलायला लागला. आधी हळू, मग जास्त. आरशात त्याची एक बाजू दिसायची, मग दुसरी. बायकोने डॅशबोर्ड धरला. मागच्या सीटवर दोन्ही पोरं एकदम गप्प. आमच्या गाडीत हे सहसा होत नाही.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. असं झालं की पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. पुढची गाडी एकदम हळू झाली की मागचा कॅम्पर तिला आणखी ढकलतो आणि डोलणं वाढतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवत बसायचं नाही. आणि गुडघ्याजवळ जो ब्रेक कंट्रोलर असतो, त्याचा हाताने दाबायचा खटका हळूहळू दाबायचा. त्याने फक्त कॅम्परचे ब्रेक लागतात, म्हणजे मागचा माणूस पुढच्याला मागे ओढून सरळ करतो. मला हे वाचून माहीत होतं. त्या क्षणी आठवलं, हे नशीब.

कॅम्पर सरळ झाला. मागच्या गाडीतल्या बाई हॉर्न वाजवून हात दाखवत होत्या. कडेला थांबलो आणि मागे जाऊन बघतो तर बंपरचा एका बाजूचा वेल्ड फाटलेला, रॅक तिरका लोंबतोय, आणि लेकीची सायकल एका पट्ट्यावर लटकून रस्त्याला घासत आलेली. मागचा टायर गेला होताच, रिमही एका बाजूने झिजून धारदार झाली होती. तो पट्टाही तुटला असता तर ती सायकल हायवेवर त्या बाईंच्या काचेसमोर गेली असती.

आता हे झालं कशामुळे? दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही वेगळ्या.

पहिली, तो बंपर. बऱ्याच ट्रॅव्हल ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची साधारण चार इंची चौकोनी नळी असते. ती कशासाठी असते माहितीये? आत सांडपाण्याचा पाइप गुंडाळून ठेवण्यासाठी! [हसतो] खरंच. त्यावर ८० किलो लटकवायचं, आणि वर ते शेपटीच्या टोकाला, जिथे प्रत्येक खड्ड्याला सगळ्यात मोठा उसळा बसतो. सायकल रॅक बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात की आमचा रॅक ट्रेलरच्या मागे वापरू नका. मी ते माहितीपत्रक खोक्याबरोबर टाकून दिलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. माझे आजोबा बैलगाडीत पोती भरताना एक शब्द वापरायचे: गाडी ‘उलाळ’ झाली. म्हणजे मागे भार जास्त झाला, पुढचं जू वर उचललं जातंय, बैलांच्या मानेवर वजनच नाही. कॅम्परचं नेमकं तेच. कॅम्परच्या पुढच्या टोकाने पिकअपच्या हिचवर जो दाब द्यायचा असतो, त्याला टंग वेट म्हणतात. तो कॅम्परच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. त्याच्या खाली गेला की कॅम्पर उलाळ होतो, आणि जोराचा वारा किंवा शेजारून गेलेला ट्रक त्याला डोलवू शकतो.

माझा हिशोब बघा. कॅम्पर भरल्यावर २,५०० किलो, टंग वेट २९०. म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या वर. ठीक. चार सायकली मिळून ५२ किलो, रॅक २८, एकूण ८०. आता हा रॅक चाकांच्या मागे ४ मीटरवर, आणि हिच चाकांच्या पुढे ५ मीटरवर. सी-सॉ आठवा. मागे ८० किलो बसले, तर पुढचं टोक ८० गुणिले ४ भागिले ५, म्हणजे ६४ किलोंनी हलकं होणार. २९० चे राहिले २२६. आणि कॅम्पर झाला २,५८० किलोचा. टक्केवारी काढा: पावणेनऊ. अडीच टनांच्या गाडीत ८० किलो म्हणजे काय, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण ते कुठे ठेवले, यावर सगळं होतं.

हे आकडे मी नंतर ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जाऊन काढले. थोडक्या डॉलरांत होतं. एकदा कॅम्पर जोडून पिकअपच्या दोन्ही ॲक्सलचं वजन घ्यायचं, एकदा कॅम्पर सोडून. फरक म्हणजे टंग वेट. वजन वाटून देणारे स्प्रिंग बार लावले असतील, तर ते सैल करून मोजा, नाहीतर आकडा फसवतो.

मग सायकली पुढे आणायच्या. पण पुढे कुठे?

सगळ्यात आधी लोक सुचवतात ते टेलगेट पॅड. पिकअपच्या मागच्या फळीवर एक जाड गादी टाकायची, सायकलीचं मागचं चाक हौद्यात, पुढचं चाक बाहेर लोंबतं. कॅम्पर नसेल तर फार छान. कॅम्पर असेल तर ती बाहेर लोंबणारी चाकं आणि कॅम्परचं तोंड यांच्यात किती अंतर आहे हे मोजायलाच हवं. सरळ रस्त्यावर नाही, वळताना! कॅम्पसाइटवर रिव्हर्स घेताना कोन सगळ्यात तीव्र होतो, आणि तेव्हा कॅम्परचा पुढचा कोपरा पिकअपच्या अगदी जवळ येतो. रिकाम्या पार्किंगमध्ये जा, एकाला बाहेर उभं करा, स्टीअरिंग पूर्ण वळवून मुंगीच्या चालीने मागे घ्या. आमच्याकडे इतकं अंतर निघालं की बाहेरच्या सायकलीचं चाक गॅसच्या सिलिंडरवर टेकलं असतं. पॅड बाद. आणि एक फुकटचा सल्ला: कॅम्पर जोडलेला असताना टेलगेट खाली पाडायच्या आधी बघा, बऱ्याच गाड्यांत ते थेट कॅम्परच्या जॅकच्या डोक्यावर आपटतं. हे कसं कळलं, ते विचारू नका.

कॅम्परच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर लावायचे रॅकही मिळतात. तिथे वजन हिचच्या जवळ येतं, म्हणजे उलाळ व्हायचा प्रश्न नाही, उलट टंग वेट वाढतं. पण वळतानाची अडचण तीच, आणि पिकअपवरचा भारही वाढतो.

पिकअपच्या पुढच्या बंपरवर? रेडिएटरसमोर चार सायकली उभ्या करून ३,४०० मीटरचा घाट, मागे अडीच टन घेऊन? शिवाय हेडलाइट झाकले जातात. मला नको.

पिकअपच्या टपावर ठेवणारे खूप आहेत, आणि त्यांची एक बाजू खरी आहे. कॅम्पर तसाही उंच असतो, त्यामुळे वरच्या अडथळ्यांची आणि वाऱ्याची काळजी फारशी वाढत नाही. अडचण येते ती मुक्कामी कॅम्पर सोडल्यावर. मग आपण छोट्या गाडीत आहोत असं वाटतं, आणि पार्किंगच्या कमी उंचीच्या कमानीखाली शिरतो. टपाची वजनमर्यादाही मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि १४ किलोची सायकल डोक्याच्या वर उचलायची असते, दिवसभर पेडल मारून झाल्यावर.

कॅम्परच्या आत, बरोबर चाकांच्या वर, ही तोलाच्या दृष्टीने उत्तम जागा. आईने दिलेली जुनी गोधडी खाली अंथरून मी एकदा तेही केलं. चेनचं ग्रीस सोफ्याला लागलं, पेडलने कपाटाच्या दाराला भोक पाडलं. घरात तो विषय आता निघत नाही.

शेवटी आमचं गणित जमलं ते पिकअपच्या हौद्यातच. लाकडाची एक जाड फळी, दोन बाय सहा इंचाची, केबिनला लागून आडवी. तिच्यावर फोर्क माउंट स्क्रूने बसवले. सायकलीचं पुढचं चाक काढायचं, फोर्क त्या माउंटवर आवळायचा. साडेपाच फुटी हौद्यात चाक काढलेली सायकल टेलगेट बंद करून बसते. पण मोठ्यांच्या माउंटन बाइकची हँडल एकमेकांत अडकतात, म्हणून दोन सायकली केबिनकडे तोंड करून आणि दोन टेलगेटकडे, दुसऱ्या फळीवर.

माउंट घेताना आपल्या सायकलीचा ॲक्सल कुठला ते बघा. जुन्यांना ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज, नव्या माउंटन बाइकना बहुतेक १५ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल. एकाचा माउंट दुसऱ्याला ॲडॉप्टरशिवाय बसत नाही. लहान मुलांच्या सायकलींना तर नुसते नट असतात, म्हणून पाना जवळ ठेवायचा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घाला. नाहीतर पोरं गंमत म्हणून ब्रेक दाबतात, पॅड एकमेकांना चिकटतात, आणि फ्रूटाला पोचून चाक आत जातच नाही. कार्बनची फ्रेम असेल तर रॅचेटचा पट्टा तिच्यावर कधी आवळू नका, साधा बकलचा पट्टा पुरतो. इ-बाइक असेल तर बॅटरी काढून केबिनमध्ये. वजनही कमी, उचलायलाही सोपं.

पण हौद्यात ठेवणं फुकट नाही, हेही सांगतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती. जाहिरातीत ‘इतके टन ओढते’ असं मोठ्याने सांगतात, हा आकडा मात्र कोणी सांगत नाही. माझा ६८० किलो. त्यातून टंग वेट २९०, आम्ही चौघं २३५, हिचचं लोखंड ४५, सायकली ५२. बेरीज ६२२. उरले ५८. त्यात कूलर, हत्यारांची पेटी, जळाऊ लाकडं. म्हणून आता लाकडं आम्ही तिथे पोचून विकत घेतो. फिफ्थ-व्हील कॅम्पर असेल तर हिच हौद्यातच बसतो, तेव्हा हा सगळा मार्गच बंद. त्यांच्यासाठी वेगळा भाग करावा लागेल.

भारतात हायलक्स किंवा व्ही-क्रॉस असलेल्या एका श्रोत्याने विचारलंय की कॅम्पर नाही, फक्त सायकली आहेत, तर? मग बिनधास्त टेलगेट पॅड वापरा. फक्त नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, ते बघा.

या शुक्रवारी आम्ही मोआबला निघतोय, साधारण ५७० किलोमीटर. पहिला थांबा नेहमीसारखा आयडाहो स्प्रिंग्सला, तासाभराच्या आत. पट्टे पहिल्या तासातच सैल होतात, म्हणून तिथे उतरून प्रत्येक सायकल हाताने हलवून बघायची. लेक आपली स्वतः तपासते. मी तपासली असली तरी परत तपासते.

चला, हौद्याचे फोटो खाली टाकतोय. तुमचे प्रश्न पाठवा. भेटू पुढच्या भागात.