क्रीसस : लिडियाचा अखेरचा राजा

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात प्राचीन काळी लिडिया नावाचे संपन्न राज्य होते. सार्डिस ही त्याची राजधानी. तेथून वाहणाऱ्या पॅक्टोलस नदीच्या वाळूत सोन्याचे कण सापडत असत.

इ. स. पू. ६८० च्या सुमारास गायजीस याने आधीच्या राजाचा वध करून मर्मनाड घराण्याची सत्ता स्थापन केली. या राजहत्येचे फळ पाचव्या पिढीला भोगावे लागेल, असे भविष्य डेल्फीच्या मंदिरात वर्तवले गेले होते, अशी कथा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने सांगितली आहे. गायजीसपासून पाचवा राजा म्हणजे क्रीसस.

क्रीससने किनाऱ्यावरील ग्रीक नगरे आपल्या अंमलाखाली आणली. त्याच वेळी ग्रीक देवस्थानांना उदार हस्ते दानेही दिली. इफिसस येथील आर्टेमिस देवीच्या मंदिराचे अनेक स्तंभ त्याने अर्पण केलेले होते. मराठीत धनवानाला कुबेराची उपमा देतात, तशी अनेक युरोपीय भाषांत क्रीससची देतात.

परंतु त्याचे खरे महत्त्व संपत्तीपेक्षा नाण्यांमुळे आहे. लिडियातील पूर्वीची नाणी इलेक्ट्रम या सोने व चांदी यांच्या मिश्रधातूची असत. त्यात सोने किती आणि चांदी किती, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण होते. क्रीससच्या काळात या दोन धातूंची स्वतंत्र नाणी पाडली जाऊ लागली. सार्डिस येथील उत्खननात नदीकाठी धातुशुद्धीच्या भट्ट्यांचे अवशेष मिळाले आहेत. सोन्याचे पातळ पत्रे मिठासह मातीच्या भांड्यात दीर्घकाळ तापवले, की मिठाच्या क्रियेने त्यांतील चांदी निघून जाई आणि शुद्ध सोने उरे. या नाण्यांवर समोरासमोर उभ्या ठाकलेल्या सिंह व बैल यांची मुखे असत. ठरावीक वजन आणि शुद्ध धातू यांची ती राजमान्य खूण होती.

पुढे पर्शियाचा राजा सायरस प्रबळ झाला. त्याच्यावर स्वारी करण्यापूर्वी क्रीससने डेल्फीला कौल लावला. ‘स्वारी केल्यास एक मोठे साम्राज्य लयास जाईल,’ असे उत्तर आले, असे हेरोडोटस सांगतो. क्रीससने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. इ. स. पू. ५४६ च्या सुमारास सार्डिस सायरसच्या हाती पडले. लयास गेले ते क्रीससचेच राज्य.

मर्मनाड घराणे संपले आणि खजिना विजेत्यांकडे गेला. सिंह-बैलाची नाणी मात्र पर्शियन राजवटीतही सार्डिसमध्ये पाडली जात राहिली. पुढे पहिल्या डरायसने स्वतःची सोन्या-चांदीची नाणी सुरू केली, तेव्हाही दोन धातूंची हीच पद्धत कायम राहिली. सोने क्रीससचे राज्य वाचवू शकले नाही. परंतु नाण्यावरील लोकांचा विश्वास त्या राज्याच्या अंतानंतरही टिकून राहिला.