अडकित्त्याचा गुण आणि सुपारीचा दोष

मित्रहो, आज सोबत एक वस्तू आणली आहे. माझ्या आजीचा अडकित्ता. आपल्याकडे काही घरांत याला सरोता म्हणतात. जुने चाकू, कात्र्या, अडकित्ते जमवणारे लोक अशा वस्तूत नेमकं काय बघतात, तिथून सुरुवात करू.

पहिलं, सांधा. दोन दांड्या एका खिळ्यावर फिरतात. खिळा ढिला असला की पातं बाजूला सरकतं आणि सुपारी निसटते. फार घट्ट असला तर हात दुखतो. हा इतक्या वर्षांच्या वापरानंतरही कडेला हलत नाही, बघा. दुसरं, पातं. अंग पितळेचं, पण धार पोलादाची, कारण पितळ धार धरत नाही. तिसरं, नक्षी. सुपारी सांध्याजवळ ठेवतात आणि जोर दांडीच्या टोकाशी लावतात. ही साधी तरफ. कारागिराने मोर घडवला, तर मोराची मान दांडीच्या वळणात बसली पाहिजे, तळव्याला टोचता कामा नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे अनेक अडकित्ते आहेत. दिनकर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस विचारतो: द्राक्षवेल खंजिरानेही छाटता येईल, मग छाटणीचा कोयता वेगळा कशाला? कारण ते काम तोच सर्वांत चांगलं करतो. वस्तूचा गुण म्हणजे तिचं नेमून दिलेलं काम उत्तम करणं. मी चाळीस वर्षं हेच शिकवलं आणि उदाहरण म्हणून वर्गात हाच अडकित्ता दाखवला.

गेल्या वर्षी गडचिरोलीकडचा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पोहे दिले, तर चमचा तोंडात जाईना. कॉलेजपासून खर्रा खातो. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. पुढे काहींना कर्करोगही होतो. दोष फक्त तंबाखूचा, असं आपण समजतो. पण तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. टेबलावर तो अडकित्ता होता. त्याने तो उचलला, उघडमीट करून पाहिला आणि म्हणाला, "सर, याचा जबडा अजून पूर्ण उघडतो."

तेव्हापासून मी व्याख्या जरा बदलून सांगतो. 'हा चांगला कापतो' आणि 'हे कापणं चांगलं आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं म्हणून दुसरं खरं ठरत नाही. उलट, दुसरं खोटं ठरलं म्हणून त्या अनाम कारागिराने सांध्यावर घेतलेली मेहनतही खोटी ठरत नाही. घरी विडा असायचा, तेव्हा खर्रा नव्हता, असं म्हणून आपली सुटका होत नाही. प्रमाण वेगळं, सुपारी तीच.

म्हणून अडकित्ता मी ठेवला आहे, पानाचा डबा काढून टाकला. नातवंडांना सांधा दाखवतो, आणि याने काय कापलं जायचं, तेही सांगतो. तुमच्याही घरी एखादा असेल. जरूर जपा, पण दोन्ही गोष्टी सांगा. थांबतो.