राखेतला खडा

मुंबईतल्या बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्यांना उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हापासून पाव आणि धूर यांवर भरपूर काथ्याकूट झाला. राखेकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ती चाळली की चाळणीवर करडे-हिरवट, टणक खडे उरतात. फोडावा तर आत छिद्रंच छिद्रं, कडेला काचेसारखी चकाकी. भंगाराचं लाकूड असेल तर एखादा खिळाही. वीटभट्टीवरच्या खंगराचंच हे भावंड.

सरपण कच्चं जळलं म्हणून खडे झाले, असं सर्रास म्हणतात. कारण उलट आहे, जाळ जास्त झाला आणि राखेतली वाळू वितळली. निव्वळ वाळू वितळायला सतराशेहून अधिक अंश लागतात. राखेतलं पोटॅश तिच्यात मिसळलं की साडेसातशेच्या आसपासच ती पाघळू लागते. स्वच्छ लाकडाची राख जेमतेम टक्काभर, तीही बहुतेक चुन्याची; म्हणून घरच्या चुलीत खडा क्वचितच. सालीला माती किंवा सेंटरिंगच्या फळीला सिमेंट-वाळू चिकटलेली असली की झालाच. खड्याची भीती नको. रंगवलेल्या जुन्या दारा-खिडक्यांच्या राखेची मात्र धरावी; रंगातलं शिसं तिच्यात उरतं. ती भांड्यांना नको, भाजीच्या वाफ्यालाही नको.

खड्यांचा खरा थाट पाहायचा तर बळ्ळारीकडे जावं. तिथे नवाश्मयुगातले राखेचे ढीग आहेत, आत वितळून घट्ट झालेले थर. एकोणिसाव्या शतकात काहींना ती ज्वालामुखीची राख वाटली. हंपीजवळ निंबापूरचा ढीग वालीची चिता म्हणून दाखवतात. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मात्र त्यात गुरांचं शेण ओळखलं. गवतातली सिलिका आणि पोटॅश दोन्ही शेणात आयतीच असतात.

उत्नूरला असाच ढीग खोदणाऱ्या पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांना शेणाचे ढीग जाळण्यात होळी-पोंगलसारख्या सणांची पूर्वपीठिका दिसली. मला हे जरा सोयीचं वाटतं. शेणाचा ढीग पेटायला मुहूर्त लागत नाही. पण एकावर एक जळके थर पाहता प्रत्येक वेळी अपघातच झाला, हेही पटत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पड्डय्या यांना बुदिहाळला अशाच ढिगाशेजारी गुरांचा वाडा, राहती घरं आणि जनावरं कापण्याची जागा सापडली. इतक्या जवळ राहणाऱ्यांनी काडी लावण्याआधी वारा कुठला, ते नक्की पाहिलं असणार.