गल्लीत कोणते झाड लावावे?

मृगाचा पाऊस पडला की वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. रोपे वाटली जातात, छायाचित्रे निघतात आणि आकडा जाहीर होतो. महाराष्ट्र शासनाच्या मोहिमेत हे आकडे २०१६ पासून २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी असे चढत २०१९ साली ३३ कोटींच्या लक्ष्यापर्यंत पोहोचले होते. एवढ्या संख्येपुढे आपल्या गल्लीत कोणते झाड लावावे हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु नागरी वस्तीपुरता विचार केला तर खरा प्रश्न तोच आहे आणि तो जितका वनस्पतिशास्त्राचा तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

कागलचेच उदाहरण घ्यावे. गैबी चौकाच्या आसपासचे जुने गाव दाटीवाटीचे. तेथे झाडाला जागा असलीच तर ती एखाद्या पारावर किंवा तळ्याच्या काठी. याउलट महामार्ग आणि पंचतारांकित औद्योगिक वसाहत यांच्या ओढीने ज्या नव्या कॉलन्या उठल्या, त्या उघड्या माळावर किंवा पूर्वी ऊस उभा असलेल्या रानात. तेथे रस्ता आहे, गटार आहे, विजेचे खांब आहेत. सावली मात्र फारशी नाही. चारचाकीतून ये-जा करणाऱ्यास हे जाणवत नाही. एप्रिलच्या दुपारी शाळेतून परतणाऱ्या मुलास, दारोदार भाजी विकणाऱ्या बाईस किंवा बांधकामावरील मजुरास ते जाणवते.

अडचण अशी की, सावली ही विकता न येणारी वस्तू आहे. झाड लावणारा घरमालक एक. सावली घेणारे शंभर. उलट पाने झाडावयाची, गटार तुंबले तर शेजाऱ्याचे बोल ऐकावयाचे आणि कुंपणाच्या भिंतीला तडा गेला तर खर्च सोसावयाचा तो त्या एकट्याने. लाभ सर्वांचा आणि भार एकाचा असला की ती वस्तू गरजेपेक्षा कमी निर्माण होते, हे आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवतो. त्यात भर म्हणजे माणसाला उद्याच्या लाभाचे मोल आजच्यापेक्षा कमी वाटते. म्हणूनच घरमालक दोन-तीन वर्षांत हिरवे दिसणारे, जागा न अडविणारे झाड निवडतो.

या निवडीचे परिणाम कोणत्याही नव्या वसाहतीत दिसतात. दारोदार आसुपालव असतो, खांबासारखा सरळ. त्याला लोक सर्रास अशोक म्हणतात. खरा सीताअशोक निराळा, हे कितीकांना ठाऊक असेल? आसुपालवाची सावली जेमतेम त्याच्याच बुंध्यापुरती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वैशाखातील त्याचे वैभव मान्य केले तरी लाकूड ठिसूळ, मुळे उथळ, आणि वळवाच्या वाऱ्यात त्याची फांदी कोणाच्या पत्र्यावर येईल याचा नेम नाही. चारा व जळण म्हणून ज्या सुबाभळीचा एके काळी एवढा गाजावाजा झाला, ती आज पडीक जागा बळकावीत चालली आहे. अलीकडे कोनोकार्पसची लाट आली. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परके म्हणून एखादे झाड त्याज्य ठरत नाही (आपण मिरचीही परदेशातूनच घेतली), पण झटपट वाढणे हा एवढाच गुण पाहून केलेली निवड पुढे महाग पडते.

मग लावावे काय? प्रथम जागा पाहावी, मग झाड. तारांखाली व अरुंद गल्लीत कांचन, पारिजातक अशी लहान झाडे पुरेत. ती तारांपर्यंत जात नाहीत. साहजिकच पावसाळ्याच्या तोंडी होणाऱ्या छाटणीतून वाचतात. जेथे वर तारा नाहीत अशा मध्यम रुंदीच्या रस्त्यावर ताम्हण, बहावा किंवा बकुळ शोभेल. ताम्हण तर आपल्या राज्याचे फूल. बकुळ हळू वाढते, तेवढा धीर धरावा लागतो. रुंद रस्त्यावर करंज आणि कडुनिंब यांना तोड नाही: दोन्ही उन्हाळा सोसतात आणि गर्द सावली देतात. वड, पिंपळ, उंबर यांना मात्र घराजवळ आणू नये. त्यांची मुळे पाया आणि गटार दोन्ही शोधून काढतात. त्यांची खरी जागा म्हणजे वसाहतीच्या आराखड्यात सोडावी लागणारी दहा टक्के मोकळी जागा. तेथे दोन वड आणि चार जांभळी लावल्या, तर लहान मुलांना खेळाच्या लोखंडी साहित्याची उणीव भासणार नाही.

लावण्याची रीतही महत्त्वाची. माळावरच्या मुरमात खड्डा उन्हाळ्यातच दोन-तीन फुटांचा घ्यावा, चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरावे, रोपाची प्लास्टिकची पिशवी न विसरता काढावी. बुंध्याशी काँक्रीट किंवा फरशी मुळीच नको. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांसंबंधी २०१३ साली बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता; आपल्याकडे मात्र पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवण्यातच नीटनेटकेपणा मानला जातो.

कायदा आहेच. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडास वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. हिशेब चोख आहे. पण भरपाई संख्येत आणि हानी मात्र जागेची. साठ वर्षांच्या कडुनिंबाबद्दल गावाबाहेर साठ रोपे लावली, तरी त्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या चांभाराला त्यांचा उपयोग काय? याबाबत तीनशे वर्षांपूर्वीचे आज्ञापत्र अधिक शहाणे होते असे वाटते. करवीरच्या छत्रपती संभाजींच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी ते लिहिले. आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे त्यात बजावले आहे. जीर्ण झालेले झाड तोडणेच आले तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, असेही सांगितले आहे. झाडाचे मोल त्याच्या धन्यापासून वेगळे करता येत नाही, हे अमात्यांनी जाणले होते.

आता पैशाचे. एका रोपाला फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा वीस लिटर पाणी घातले, तर उन्हाळ्यास सुमारे पावणेसातशे लिटर लागते. तीन उन्हाळ्यांत दोन हजारांच्या आसपास. पाच हजार लिटरच्या टँकरच्या निम्मेही नाही. तेव्हा नगरपरिषदेने रोप वाटण्यावर पैसा घालण्याऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या झाडावर घालावा. घरासमोरील, ठरवून दिलेल्या जातीचे झाड जूनमध्ये उभे असल्यास त्या वर्षीच्या घरपट्टीत लहानशी सूट द्यावी. तपासणीला नवा कर्मचारी नको. घरपट्टीची मागणी-बिले घेऊन जो माणूस दारात जातो, त्यानेच झाड पाहावे आणि वहीत एक रकाना वाढवावा.