भिंतीवर प्रत, पेटीत मूळ

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, जवळच शेलारमामांची. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर पडलेल्या तानाजींचा देह मढेघाटातून इथे उतरवला, असं परंपरा सांगते. ते दिसायला कसे होते हे मात्र कुणाला ठाऊक नाही. पुतळे, कॅलेंडरं, १९३३ चा प्रभातचा ‘सिंहगड’, सगळीकडच्या मिशा कल्पनेतल्या. चेहऱ्यावाचूनही माणूस साडेतीनशे वर्षं टिकला तो समाधीच्या दगडावर, माघ वद्य नवमीच्या तिथीवर आणि तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यावर. शिवाजी महाराजांची म्हणून एक कवड्यांची माळ मालुसरे घराण्यात पुजली जाते, असंही सांगतात.

आपल्या घरांत नेमकं उलटं झालंय. चेहरे ढीगभर आहेत, पण कोण कुणाचा ते सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

पोलादपूर-महाडकडच्या जुन्या घराची ओटी आठवा. आढ्याखाली ओळीने तसबिरी, खिळ्याला सुतळी, पुढे झुकलेल्या. काचेवर कुंकवाचा वाळलेला टिळा, चौकटीच्या कोपऱ्यात खोचलेला पासपोर्ट आकाराचा नातू, मागे पाल. आजोबांचा फोटो बहुधा मुंबईतल्या स्टुडिओतला, कारण इथली पिढीच्या पिढी गिरणगावात चाकरीला होती. मागे रंगवलेला पडदा, अंगात कोट (तो स्टुडिओचाच), आणि घड्याळ दिसावं म्हणून बाही जरा वर. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यासारख्या गावात कोटाच्या जागी गणवेश दिसतो.

सजावट म्हणून ही भिंत मला आजही कुठल्याही महागड्या फ्रेमपेक्षा आवडते. पण मूळ फोटो तिथे टांगणं धोक्याचं. कोकणातल्या पावसात भिंत ओल धरते. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो दमट हवेत फुगतो आणि काचेला चिकटतो. मग काच काढली की नाकडोळे काचेबरोबर जातात. म्हणून चांगली प्रत काढून ती टांगावी आणि मूळ पेटीत ठेवावं. प्रतीलाही काचेपासून अंतर हवं, म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी. तसबिरीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की वारा खेळतो.

पेटीचंही शास्त्र आहे. जुन्या दप्तरखान्यांत कागद सुती रुमालात बांधत. कापडातून हवा खेळते; प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले चिकट पानांचे अल्बम तर शत्रूच. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटो सोडत नाही. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा निघत नाही. ट्रंक वाळवी आणि पाणी दोन्ही टाळून उंचावर ठेवावी.

पाण्याबद्दल इथे कुणाला सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी दरडीखाली सापडली. अशा वेळी फोटोंचं कोण बघतो? पण पाणी ओसरल्यावर चिखलातून अल्बम निघतात, आणि तेव्हा घाईने पुसले की संपलं. पुसू नयेत, वाळून एकमेकांना चिकटूही देऊ नयेत. स्वच्छ गार पाण्यात हलकेच विसळून, चित्राची बाजू वर ठेवून, सुती कापडावर सावलीत पसरावेत. फार असतील तर थप्प्यांमध्ये मेणकागद घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. गोठलेले फोटो सवडीने सोडवता येतात.

मांडणीच्या नव्या कल्पना म्हणाल, तर खोल चौकट मला सर्वांत पटते: फीत लावलेली पदकं, गिरणीचा पितळी बिल्ला, आजीच्या लुगड्याच्या काठाची पट्टी आणि फोटोची प्रत, सगळं एका काचेआड. आजीचं अख्खं लुगडं मात्र कापू नये. फाटलंच असेल तर गोधडी शिवावी. ती अंगावर येते, भिंतीवर पडून राहत नाही. देवघरातले पूर्वजांचे चांदीचे टाक अशाच आठवणींच्या जातकुळीतले, तळहातावर मावतील एवढे.

घरगुती वस्तूंचं मोल बघायचं तर पुण्याचं राजा केळकर संग्रहालय बघावं. काका केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती जमवत नेल्या, अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. २०१० मध्ये अनुषा यादव यांनी सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये लोक घरचा जुना फोटो देतात आणि सोबत त्याची हकिगत लिहितात. हकिगतीमुळेच परक्याचा फोटो बघावासा वाटतो.

स्कॅन कराच, निदान ६०० डीपीआयवर. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे. पण फाइलचं नाव ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे असंच राहिलं, तर काही जपलं नाही. जुन्या कागदी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता लिहावं. बॉलपेनची शाई पलीकडे उमटते. गुळगुळीत रंगीत फोटोंवर पेन्सिल चालत नाही, तिथे पाकिटावर लिहावं आणि मग फोटो आत घालावा.

नावं लिहून घ्यायला गणपतीचे दिवस उत्तम. चाकरमानी घरी असतात आणि बाहेर धो धो पाऊस. ट्रंक माजघरात उघडावी, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करावं आणि म्हाताऱ्यांना एकेक फोटो दाखवावा. एक आजी म्हणेल हा थोरला दीर, दुसरी म्हणेल छे, हा त्याचा मेव्हणा, मुंबईहून लग्नाला आला होता तो. भांडण मध्येच थांबवू नये. तेही रेकॉर्ड होऊ द्यावं.